उदंड झालेली काफी

लोहाऱ्यात सिद्धलिंग कापडवाल्याच्या घरी बसवजयंतीला गार काफी मिळते, हे आसपासच्या गावांना चांगलं ठाऊक होतं. ती करतं कोण, हे विचारायची गरज मात्र कुणाला पडली नव्हती. ‘सिद्धलिंगप्पांची काफी’ असंच तिचं नाव पडून गेलं होतं. काफीच्या बिया, म्हणजे बुंद, भाजायचा तवा आपल्या घरात कुठल्या कोनाड्यात असतो, हेसुद्धा सिद्धलिंगाला सांगता आलं नसतं. पण राबणारा एक आणि मिरवणारा दुसरा, ही रीत काही लोहाऱ्यानं काढलेली नाही.

करणारी होती शांतम्मा, सिद्धलिंगाची थोरली भावजय. हाडापेरानं मजबूत, रंगानं सावळी, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि बोलणं असं तुटक की साखरेबरोबर शब्दांवरही कंट्रोल बसला आहे असं वाटावं. माणसांशी ती मराठी बोलायची आणि चुलीशी कानडी. लाकडं ओली निघाली की कानडीतून जे काही बाहेर पडायचं, त्याचा अर्थ शेजारणींना कळत नव्हता हे बरंच होतं.

तिचं माहेर वाडीचं. वाडी जंक्शनवर तिचे वडील कल्याणप्पा फराळाचं दुकान चालवायचे. मद्रासकडून येणाऱ्या गाडीतले उतारू खाली उतरले की आधी काफी मागायचे, म्हणून कल्याणप्पा काफी करायला शिकले, आणि आई नसलेली शांता त्यांच्या हाताखाली शिकली. लग्न होऊन ती लोहाऱ्याला आली तेव्हा बुंदाची एक पिशवी बरोबर होती. इथं काफी कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. चहाच नुकता कुठं गावात आला होता. तिनं पहिल्यांदा बुंद भाजले तेव्हा सासूबाई परसातून धावत आल्या, काय जळालं म्हणून. तो वास काही केल्या त्यांच्या नाकातून जाईना. मग शांतम्मानं विहिरीच्या काठचा पुदिना खुडून आणला, वाटला आणि काफीत घातला. एक वास दुसऱ्या वासानं झाकावा, एवढाच तिचा हेतू होता. सासूबाईंनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, भांडं रिकामं केलं आणि आता बरी लागते म्हणाल्या. तेवढ्यावर काफी घरात शिरली आणि कानामागून येऊन चहापेक्षा तिखट झाली.

बर्फ आला तो पुढं. एका वैशाखात बसवजयंतीला मठाचे स्वामी घरी पादपूजेला यायचे होते आणि उन्हानं माणसांचा जीव नकोसा झाला होता. सासऱ्यांनी सोलापुरातून बर्फाची लादी मागवली आणि तुझी ती काफी यात घाल म्हणून सुनेला सांगितलं. स्वामींना ती आवडली. एकदा केली म्हणून दुसऱ्या वर्षी करावी लागली, आणि तिसऱ्या वर्षापासून तो लोकांचा हक्क झाला. पुढं सासरे गेले, सासूबाई गेल्या, शांतम्माची एकुलती लेक शिवकांता लग्न होऊन आळंदच्या बाजूला गेली, शांतम्माचे केस पांढरे झाले. काफी चालूच राहिली.

आता गार काफी म्हणजे पिणाऱ्याला चार घोटांचं काम. करणारीचं काम आदल्या दिवशीच्या पहाटे सुरू होतं. बुंद मंद जाळावर भाजायचे; जरा हात थांबला की एका अंगानं कोळसा. मग ते उखळात कुटायचे, उकळायचे, गाळायचे. दूध आटवायचं. लढाईत साखर कंट्रोलात गेली, तेव्हापासून गूळ आला, आणि कढत दुधात गूळ पडला की दूध फाटतं. म्हणून गुळाचा पाक वेगळा, दूध वेगळं, काफीचा काढा वेगळा. तिन्ही पुरते निवल्याशिवाय त्यांची एकमेकांशी गाठ घालायची नाही. पुदिना मिठाच्या चार कणांबरोबर वाटून पंच्याच्या फडक्यातून पिळायचा. आणि सगळ्यात शेवटी बर्फ, पोत्यात घालून बत्त्यानं फोडायचा. धाकटी जाऊ प्रेमाबाई हे सगळं चालू असताना उंबऱ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकायची. आपला हात काफीला चालत नाही, असं तिनं सासरी आल्या वर्षीच जाहीर करून टाकलं होतं. शहाणी बाई.

शांतम्माचा नवरा बंडप्पा गरीब स्वभावाचा. दुकानात गज घेऊन कापड मोजायचं आणि भाव विचारला की धाकट्या भावाकडं बोट दाखवायचं, एवढाच त्याचा व्यापार. बायकोशी त्याचं भांडण नव्हतं आणि फारसं बोलणंही नव्हतं. पण दर वर्षी होळी झाली की काही न सांगता तो सोलापूरला जायचा आणि बुंद घेऊन यायचा. पिशवी चुलीजवळ ठेवायचा आणि निघून जायचा. शांतम्मा त्यालाच प्रेम समजत होती, आणि तसं समजून तिचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी मात्र बुंद व्यंकटानं आणले. व्यंकट म्हणजे दुकानातला गडी. बंडप्पा माघापासून अंथरुणावर होता. घशात गाठ झाली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं की आता घरी न्या आणि मागतील ते द्या. पण बंडप्पा काही मागतच नव्हता. पेज असो, ताक असो, घशाखाली जाताना आग व्हायची, म्हणून तो तोंड मिटून पडून राहायचा. रात्री कण्हायचासुद्धा नाही, नुसता जागा असायचा, आणि त्याच्याबरोबर ती जागी असायची. दिवसा घर तिला सोडत नव्हतं. ज्वारी निवडता निवडता तिचा डोळा लागायचा आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारायचं.

शांतम्मा दमली होती. कामानं येतो तो थकवा झोपेनं जातो. हा झोपेनं जाणारा नव्हता. सकाळी उठल्यावर आधी तिला आपण का उठलो याचाच कंटाळा यायचा. म्हणून चैत्र सरता सरता तिनं सिद्धलिंगाला सांगून पाहिलं की यंदा काफी राहू द्या, लोकांना पन्हं देऊ. सिद्धलिंग वाईट माणूस नव्हता. भावाच्या औषधपाण्यात त्यानं कधी हात आखडला नव्हता. पण कंट्रोलच्या कापडाचं दुकान त्याला मिळायचं घाटत होतं, तालुक्याला नवे तहसीलदार आले होते, आणि ते जयंतीच्या संध्याकाळी घरी यायचे होते. ते काय पन्हं प्यायला? तो म्हणाला, एवढं वर्ष निभावून न्या, वैनी. दर वर्षी काहीतरी अडचण असायचीच, आणि दर वर्षी तो एवढं वर्ष म्हणायचा.

ती माजघरात येऊन नवऱ्याच्या उशाशी बसली. बंडप्पानं ते बोलणं पडल्या पडल्या ऐकलं होतं. त्यानं बोट हलवून तिला जवळ बोलावलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बरफ येणार हाय न्हवं? मला बी एक पेला ठेव."

माघापासून त्यानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. शांतम्माला वाटलं, गार आहे, उतरेलही. गारव्यानं आग बधिर होईल, दोन घोट तरी पोटात जातील. काफीवरचा तिचा राग तिथंच गळून पडला. साहेबानं प्यावी, गावानं प्यावी, नाही तर ओतून द्यावी. एक पेला बंडप्पाच्या घशाखाली गेला पाहिजे, एवढंच तिच्या मनात उरलं.

बर्फ आणायला व्यंकट आदल्या दिवशीच सोलापूरला गेला. भुशात लादी, वर पोतं, पोत्यावर घोंगडं, अशा बंदोबस्तानं तो सकाळच्या मोटारीत बसला. पण मधे सरहद्द होती. पलीकडं इंग्रजाचं राज्य, अलीकडं निजामाचं, आणि मधे करोडगिरीचा नाका. त्या नाक्यावर दर वर्षी तोच घोळ व्हायचा: बर्फावर जकात घ्यायची ती कशाखाली? पाणी म्हणावं तर पाण्यावर जकात नाही, आणि माल म्हणावा तर मोजेपर्यंत कमी होतो. नाकेदार भर उन्हात घोंगडं उघडून विचार करत बसायचा, आणि तोवर माल ओघळ होऊन फुकटात निजामाच्या मुलखात शिरलेला असायचा. यंदाचा नाकेदार नवा होता आणि फारच विचारी होता. फाट्यावर उतरवून छकड्यातून लादी घरी आणली तेव्हा ती निम्मीसुद्धा उरली नव्हती.

शांतम्मानं घोंगडं उघडून पाहिलं आणि लादी सावलीत ओढून घेतली. बोलून बर्फ वाढला असता तर बोलली असती. तिनं आधी नारळाएवढा एक तुकडा काढून बाजूला ठेवला. दुपार कलताना काफी जमून आली तेव्हा सगळ्यांच्या आधी कल्हईचा झाकणाचा तांब्या भरला, माठाखालच्या ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरला, भोवती तो बर्फ फोडून रचला आणि वर ओलं फडकं टाकलं. बंडप्पाला आत्ताच द्यावी असंही तिच्या मनात आलं होतं. जाऊन बघते तर त्याचा नुकताच डोळा लागलेला. कितीतरी दिवसांनी आलेली झोप मोडायचं तिच्या जिवावर आलं. उठले की देऊ, असं ठरवून ती चुलीपाशी परतली.

ऊन उतरलं तशी पुढच्या सोप्यावर माणसं जमली. बसवण्णांच्या तसबिरीला हार घातला होता. तहसीलदार साहेब आले. शहर हैदराबादचे, शेरवानीतले, आवाज इतका हलका की ऐकणाऱ्यानं कान पुढं करावा. त्यांच्याबरोबर त्यांचा कारकून, म्हणजे पेशकार होता. तो तेलंगणातला, पण आपल्याला मराठी येतं असा त्याचा पक्का समज होता. शिवाय मागून चार-दोन न बोलावलेली माणसं, जी साहेबांबरोबर नेहमीच असतात.

साहेबांनी पहिला पेला घेतला, घोट घेतला, डोळे मिटले, आणि पेशकाराला म्हणाले की असा ठंडा कहवा आपण शहरातसुद्धा प्यालो नाही. सिद्धलिंगाचा चेहरा फुलला. व्यंकट झारी घेऊन उभाच होता. त्यानं पेला पुन्हा भरला. दुसरा पेला संपवून साहेबांनी त्यावर तळहात आडवा धरला आणि हळूच म्हणाले, "काफ़ी है."

इथंच घात झाला. लोहाऱ्याच्या बाजारात दखनी कुणाला येत नाही असं नव्हतं. पण बाजारात पोट भरलेला माणूस ‘बस’ म्हणतो. काफी म्हणजे पुरेसं, हे शहरातलं नाजूक उर्दू व्यंकटाच्या कानावर कधी पडलं नव्हतं. त्या घरात इतकी वर्षं काफी म्हणजे काफी. त्याला ऐकू आलं ते "काफी हाय?" असं. साहेब लाजत लाजत आणखी आहे का विचारताहेत, असा त्यानं अर्थ लावला. आडव्या हाताचं म्हणाल, तर पाहुण्यानं हात आडवा धरायचा आणि वाढणाऱ्यानं तो बाजूला सारून वाढायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. "हाय की साहेब," म्हणून त्यानं पेला काठोकाठ भरला.

साहेबांनी तो संपवला. यजमानाचं मन मोडायचं नाही, असं त्यांना लहानपणापासून वळण होतं. संपवून पुन्हा म्हणाले, काफी है. सिद्धलिंगानं व्यंकटाला डोळ्यानं खूण केली. साहेबांनी चौथा पेला घेतला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. आत मात्र खबर पोचली ती अशी की साहेबांना काफी भारी पसंत पडली आहे, एकसारखी मागताहेत.

आत पातेल्याचा तळ दिसत होता. बर्फच कमी, त्यात न बोलावलेली तोंडं. शांतम्मानं पातेलं तिरकं करून मागच्या माणसांपुरतं शेवटचं काढलं आणि व्यंकटाला सांगितलं, भावजींना म्हणावं, काफी उदंड झाली.

सणाच्या दिवशी ‘संपलं’ म्हणायचं नसतं. आपल्यात दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतात. तसंच पातेलं खरवडून झालं की जिन्नस उदंड झाला म्हणायचं. आपल्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. व्यंकटानं हा निरोप सिद्धलिंगाच्या कानात सांगायचा, तो सोप्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला. सिद्धलिंगाला कळायचं ते कळलं आणि त्याचं तोंड उतरलं. पण पेशकाराचं मराठी नेमकं त्याच वेळी जागं झालं. त्यानं अदबीनं साहेबांना समजावून दिलं की हुजूर, घरचे म्हणतात अजून भरपूर आहे, उदंड आहे. साहेबांनी मनातल्या मनात काय म्हटलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. इतकं उदंड असताना नको म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी पेला पुढं केला.

तिकडचं ‘पुरे’ इकडं ‘द्या’ म्हणून पोचत होतं आणि इकडचं ‘संपलं’ तिकडं ‘भरपूर’ म्हणून. मधे साहेबांचा पेला तेवढा रिकामा राहिला होता, आणि तो सगळ्या सोप्याला दिसत होता.

सिद्धलिंग स्वतः उठून स्वयंपाकघरात आला. एरवी तो त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. त्यानं पातेलं पाहिलं. प्रेमाबाईनं नुसतं माठाकडं पाहिलं. सिद्धलिंगानं जाऊन फडकं बाजूला केलं.

"हे काय हाय, वैनी?"

"हे यांचं हाय."

सिद्धलिंगानं आवाज चढवला नाही. दादासाठी आपण काय कमी करतो, असं तो म्हणाला. पण माणूस पेला पुढं करून बसला आहे, तोही तहसीलदार. त्याला रिकाम्या हातानं उठवला तर घराची इज्जत ती काय राहिली? दादाला उद्या देऊ. उद्या मुद्दाम व्यंकटाला पाठवून बर्फ आणवू. तो खोटं बोलत नव्हता. त्यानं खरंच पाठवलं असतं.

"उद्या मागतील का ते?" शांतम्मानं विचारलं.

 सिद्धलिंगानं वाकून तांब्याला हात घातला.

शांतम्माला वाटलं, देऊन टाकावी. खरंच वाटलं. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. भांडण्यापेक्षा देऊन टाकायला कष्ट कमी पडतात, आणि तिच्या अंगात कष्टाला काही उरलं नव्हतं. पण मग माजघरात जायचं, आणि बंडप्पानं डोळे उघडून बरफ आला का म्हणून विचारायचं. त्याला काफी उदंड झाली म्हणून सांगणं तिच्यानं होणार नव्हतं. कारण एवढंच, धाडसबिडस काही नाही.

"सोडा," ती म्हणाली. तिनं तांब्या आपल्या हातात घेतला, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि सोप्याकडं चालू लागली. वैनी स्वतःच वाढायला निघाल्या असं समजून सिद्धलिंग मागून गेला.

ती पुढं आली तशी सोप्यावरची बोलणी थांबली. जयंतीच्या दिवशी ती त्या दाराबाहेर कधी आलीच नव्हती. साहेब अर्धवट उठले. शांतम्मानं मान खाली ठेवूनच सांगितलं, "साहेब, काफी संपली. एवढीच हाय, ती माझ्या मालकाची हाय. त्येंच्या नरड्याखाली दुसरं काय उतरत न्हाय. तुमाला पायजेच असंल तर घ्या."

सणाचा दिवस, भरला सोपा, समोर बसवण्णांची तसबीर, आणि घरची थोरली सून ‘संपली’ म्हणते. कुणीतरी शिव शिव म्हणालं. सिद्धलिंगानं डोळे मिटून घेतले. पेशकार अडखळत तर्जुमा करू लागला आणि साहेब ऐकता ऐकता मटकन खाली बसले.

"मैं तो कब से कह रहा हूँ, काफ़ी है, काफ़ी है," ते म्हणाले.

मग काफी कुणी समजावली, उदंड कुणी समजावलं, आणि सोपा हसत सुटला. साहेब स्वतः पोट धरून हसले, आणि आत चार पेले असल्यामुळं ते त्यांना जरा जड गेलं. सिद्धलिंगाच्या जिवात जीव आला. तोही सगळ्यांत मोठ्यानं हसला. व्यंकट कानकोंडा होऊन झारीकडं बघत होता.

शांतम्मा तांब्या घेऊन उभीच होती. साहेब माणूस भला. त्यांनी तिला विचारलं, मालकांना काय होतं, कधीपासून होतं, दवा कुणाची चालू आहे. त्यांच्या एका मामूंना असंच झालं होतं. मामूंना काय काय दिलं ते त्यांनी सविस्तर सांगितलं, पेशकारानं ते पुन्हा मराठीतून सांगितलं, आणि जमलेल्यांपैकी दोघांनी आपापले उपाय सांगितले. शांतम्मा जी म्हणत होती, व्हय म्हणत होती, आणि तांब्याच्या अंगावरचं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. चांगली माणसंसुद्धा किती वेळ घेतात, असं तिला वाटलं. अखेर साहेबांच्याच ध्यानात आलं आणि ते बोलणं मधेच तोडून जा म्हणाले.

बंडप्पा जागा होता. बाहेरचं हसणं ऐकत पडला होता. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, झाकण काढलं आणि चमच्यानं पहिला घोट दिला. तो उतरला. दुसरा दिला. तोही उतरला, आणि बंडप्पाच्या कपाळावरची आठी सैल झाली. माघापासून शांतम्मा ती आठी बघत होती. आता ती तिथं नव्हती. तिचे डोळे भरून आले. तिसरा घोट मात्र ओठाच्या कडेनं बाहेर आला, आणि त्यानं मान हलवली.

"साकु," तो म्हणाला.

साकु म्हणजे पुरे. चुलीशी चालणाऱ्या तिच्या कानडीतला एवढा एक शब्द त्यानं उचलला होता. त्या घरात त्या संध्याकाळी कुणीतरी पुरे म्हणालं आणि ऐकणाऱ्याला ते पुरे असंच कळलं, असं हे पहिल्यांदाच झालं.

तिनं तरीही एक चमचा पुढं केला. त्याला नको होतं. तांब्या निम्म्याहून जास्त भरलेला होता. तू पी, असं त्यानं खुणेनं सांगितलं. ती म्हणाली, राहू द्या, थोड्या वेळानं तुम्हालाच देते.

"तवर गार ऱ्हातीय व्हय? पी."

तिनं तांब्या उचलला आणि प्याली. आधी नुसतं गार लागलं, दातांत कळ जाईल इतकं. मग पुदिना आला, आणि त्याच्या मागून काफीचा कडवटपणा सावकाश, गुळात धरून ठेवलेला. छातीतून खाली उतरताना त्याची वाट कळत होती. दिवसभराचा चुलीचा जाळ अंगातून निघून चालला आहे असं तिला वाटलं. ती तांब्या मांडीवर टेकवून नवऱ्याकडं बघत राहिली.

"एवढी गार असतीय व्हय ही?"

बंडप्पाला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. "तू कधी पेली न्हाईस?"

"गरम असतानाच चव बघते की. गार झाल्यावर उरतीय कुठं."

तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, म्हणूनच ते बंडप्पाला सोसेना. दर वैशाखात त्यानं सोप्यावर बसून हा पेला घेतला होता, दुसरा मागून घेतला होता, रिकामा पेला आत पाठवला होता. आत कोण आहे, तिला मिळाली का, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. भिंतीकडंच बघत म्हणाला, "म्या एकदाबी इचारलं न्हाय."

असू द्या म्हणून त्याला खोटा दिलासा देणं शांतम्माला जमलं नाही. तिला राग आला होता, इतक्या वर्षांचा एकदम आला होता. तो काढावा कुणावर? एक हा असा पडलेला, आणि बाकीचे बाहेर हसत होते. राग काढायलाही अंगात जोर लागतो. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं तांब्या पुन्हा तोंडाशी नेला.

सोप्यावरून सिद्धलिंगाची हाक आली. साहेब निघाले आहेत, पानाचे विडे कुठं ठेवलेत म्हणून. मागून प्रेमाबाईची आली. मग व्यंकट माजघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि सगळे खोळंबलेत म्हणाला. एरवी पहिल्या हाकेला शांतम्मा निम्मी उठलेली असायची. आत्तासुद्धा तिचे गुडघे सवयीनं हलले. बंडप्पानं तोंड भिंतीकडंच ठेवून हात मागं केला आणि तिचा पदर मुठीत धरला.

"थांबा म्हणावं त्यास्नी," शांतम्मा म्हणाली. "म्या काफी पिऊ लागलेय."